मागच्या बाकावरच्या मरगळे मॅडम

त्या दिवशी मी सकाळी अख्ख्या वर्गाला बिनडोक ठरवलं आणि दुपारच्या चहाच्या आत ती पदवी माझ्याकडे परत आली.

झालं असं, की पोरांना एक प्रोग्रॅम शिकवायचा होता आणि त्यासाठी मी मागं कधीतरी आठवडाभर खपून स्लाइड्स केल्या होत्या. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात गोल फिरणारं एक फूल, आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ डावीकडून उडत येऊन आपापल्या जागी बसणारी. पोरांनी पडद्यावरचं बघून जसंच्या तसं टाइप केलं आणि प्रत्येकाच्या मशीनवर लाल अक्षरांत एकच तक्रार आली. मी म्हणालो, "बघून उतरवायलासुद्धा डोकं लागतं!" आणि आणखी बरंच काही म्हणालो. आवाज शेजारच्या खोलीत गेला असावा, कारण तिथून मरगळे मॅडम आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्या संगणकातली मूळ फाईल उघडून तिच्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, प्रोग्रॅम तुम्ही दिवाळीनंतर दुरुस्त केलाय. पडद्यावर आहे तो दिवाळीच्या आधीचा फोटो."

पोरं हसली नाहीत. हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

"फूल मात्र छान फिरतंय," असं म्हणून त्या गेल्या.

भोरच्या आमच्या कॉलेजात मी मुळात गणित शिकवायला लागलो. संगणक विभाग निघाला तेव्हा 'गणितवाले आहेत, जमेल त्यांना' असं कुणीतरी म्हणालं आणि तो माझ्या गळ्यात पडला. मरगळे मॅडमचं तसं नव्हतं. वेल्ह्याच्या डोंगरावरच्या धनगरवाडीत त्यांचा जन्म; घरी मेंढरं, शेळ्या, चार गुरं. शाळेसाठी रोज डोंगर उतरायच्या आणि चढायच्या. पुढं पुण्यात शिकल्या, तिथं नोकरीही केली, आणि मग एक दिवस आमच्याकडे आल्या. पुणं सोडून भोरला कशाला आलात, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तिथं चढ नव्हता." हा विनोद होता की कारण, ते मला कळलं नाही. त्यांच्या बऱ्याच वाक्यांचं तसंच व्हायचं.

अंगानं किरकोळ, चालणं मात्र असं की बरोबरच्या माणसानं पळावं. पिशवीत भाजलेले शेंगदाणे आणि घोंगडीचा एक चौकोनी तुकडा. टेबलावर आधी तो तुकडा अंथरायचा आणि मग त्यावर लॅपटॉप ठेवायचा. "ह्यानं टेबल हललं तरी तो हलत न्हाई," हे त्याचं शास्त्र. एरवी त्या आमच्यासारखंच पुस्तकी बोलत. पण मनात काही घट्ट धरलं की 'न्हाई' आणि 'हितं' बाहेर पडायचं. मग समजायचं, आता वाद घालण्यात अर्थ नाही.

त्यांच्या स्लाइड्स मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा वाटलं, बाईंना अजून सजवायला वेळ मिळालेला दिसत नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बस्स. नंतर त्यांनी मला त्यामागची फाईल दाखवली. साधा मजकूर. मथळ्याच्या आधी एक जाळीची (#) खूण, मुद्द्याच्या आधी एक छोटी रेघ, आणि तीन रेघा एका ओळीत ओढल्या की नवी स्लाइड सुरू. एवढंच व्याकरण. मग एक हुकूम द्यायचा, की त्या मजकुराच्या स्लाइड्स तयार. पण खरी गंमत पुढं होती. जिथं प्रोग्रॅम दाखवायचा, तिथं त्या प्रोग्रॅम लिहीतच नसत. तिथं फक्त मूळ फाईलचं नाव आणि तिच्यातल्या कोणत्या ओळी हव्यात तेवढं लिहीत. स्लाइड तयार होताना त्या ओळी मूळ फाईलमधून आपोआप उचलल्या जात. मूळ बदललं की स्लाइडही बदलली.

"कोड चिकटवायचा न्हाई सर, बोलवायचा," त्या म्हणाल्या. "चिकटवलेला जुना होतो. बोलवलेला आहे तसा येतो, केस विंचरलेले नसले तरी."

मी म्हणालो, "पण रंग? थोडा तरी रंग?"

"रंग शेवटच्या बाकावरनं वाचता येतो का?"

हा शेवटचा बाक म्हणजे त्यांचा आणखी एक छंद. शिकवताना त्या फळ्याजवळ उभ्याच राहत नसत. बटण दाबायला कुणातरी विद्यार्थ्याला पुढं बसवायचं आणि आपण वर्गाच्या पार मागं, शेवटच्या बाकाला टेकून बोलायचं. पोरं पडद्याकडे बघत आणि आवाज पाठीमागून येई. मागून स्वतःला वाचता आलं नाही, तर ती स्लाइड दोन तुकडे होऊन दुसऱ्या दिवशी परत येई. झोपणाऱ्या पोरांची मात्र मोठी पंचाईत झाली. झोपायची जागाच मॅडमनी घेतली होती.

एकदा जिल्ह्यातल्या एका कार्यशाळेसाठी आम्हा दोघांनाही स्लाइड्स पाठवायच्या होत्या. माझ्या स्लाइड्स दुपारभर 'पाठवत आहे' असंच म्हणत राहिल्या. फूल नेटवर्कमध्ये अडकलं होतं. मॅडमनी आपला मजकूर मोबाईलवरून साध्या मेसेजसारखा पाठवून दिला आणि शेंगदाणे काढले. कार्यशाळेत ऐन वेळी वीज गेली. मी हात जोडून खाली बसलो. त्यांनी मोबाईलमधला तोच मजकूर बघून जाळीच्या खुणांसकट फळ्यावर उतरवला, आणि लोकांना तो तसाही वाचता आला. वीज आल्यावर कुणी प्रोजेक्टर लावा म्हणालं नाही.

सादरीकरणाच्या आधी त्यांचा एक नेम असे. स्लाइड्स मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि त्याही कोड न येणाऱ्या माणसाला. हा माणूस म्हणजे माझी बायको. मॅडम संध्याकाळच्या येत, स्वयंपाकघरात पाटावर बसत, आणि बायको मेथी निवडता निवडता ऐकत असे.

"वहिनी, कळलं का?"

"कळलं की. असं असेल तर असं कर, नाहीतर तसं कर. आमच्या सासूबाई असंच बोलायच्या."

मी तिथं असलो तर मधेच समजावून सांगायला जायचो. तेव्हा दोघी मिळून मला बाहेर चहाची पावडर आणायला पाठवत. घरात पावडरीचे दोन डबे भरलेले असत.

आता मनीषाची गोष्ट. मनीषा ढेबे हिर्डोशीच्या वरच्या एका वाडीवरची. पहिल्या वर्षाला होती. सकाळी डोंगर उतरून हिर्डोशीच्या रस्त्याला यायचं, मिळेल त्या एसटीनं भोर गाठायचं, आणि संध्याकाळी तसंच उलटं. आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या तुकड्या हजेरी क्रमांकाप्रमाणे पडत. वाडीवरच्या मुली प्रवेशाला उशिरा येतात, त्यामुळं त्यांचे क्रमांक शेवटचे आणि तुकडीही शेवटची. प्रात्यक्षिक सुटेपर्यंत सोयीची गाडी गेलेली असे. पुढच्या गाडीनं हिर्डोशीला उतरायचं तर दिवस मावळलेला, आणि त्याच्यावर डोंगर.

एक दिवस तिचे वडील कॉलेजात आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि पायातलं दाराबाहेर काढून ठेवलेलं. मी 'बसा' म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, पोरगी हुशार हाय, म्हाईत हाय मला," ते मरगळे मॅडमना म्हणाले. "पन लई अंधार हुतोय. मी बॅटरी घिऊन निम्म्या वाटंवर येऊन बसतो. तकडं शेरडं कोन बघनार? रानात जनावर हाय. ह्यो म्हैना बघतो. न्हाई जमलं तर बंद करतो तिचं शिक्षान. राग मानू नका."

"राग न्हाई मामा," मॅडम म्हणाल्या. "माझा बाप पण असाच बसायचा वाटंवर."

मनीषा दाराशी उभी होती. वडिलांकडे न बघता, मॅडमकडेही न बघता, ती भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होती.

त्याच आठवड्यात मॅडमनी तुकड्या पाडणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. प्रत्येक मुलाचं गाव, त्या गावाची शेवटची सोयीची एसटी, आणि त्यावरून कुणाला सकाळी बसवायचं ते ठरवायचं. हिर्डोशीच्या मुलांवर चालवून पाहिला. सगळी बरोबर सकाळच्या तुकडीत गेली. पण नवीन पद्धत लावायची तर प्राचार्यांच्या समितीपुढं मांडायला हवी. प्रयोगशाळेचे प्रमुख शेटे सर हजेरी क्रमांकाचे कट्टर. "वर्षानुवर्षं चाललंय, कुणी तक्रार केली नाही," ते म्हणायचे. सभेचा दिवस ठरला तेव्हा महिना सरत आला होता.

सभा दुपारी होती. कॉलेज आमच्या घराजवळ, म्हणून मॅडम जेवायच्या वेळी घरी आल्या आणि नेहमीसारख्या वाचायला बसल्या. बायको भाकरी थापत होती. मुख्य स्लाइडवर प्रोग्रॅमच्या चार ओळी होत्या, आणि त्या त्यांनी मराठीत करून वाचल्या.

"गावाला एसटी असेल, आणि ती प्रात्यक्षिक संपायच्या आधी सुटत असेल, तर सकाळची तुकडी. नाहीतर कुठलीही तुकडी."

आणि थांबल्या.

बायकोनं विचारलं, "पुढं?"

"नाहीतर कुठलीही," मॅडम पुन्हा म्हणाल्या. मग लॅपटॉपवर तुकड्यांची यादी काढून खाली खाली जात राहिल्या. मनीषा ढेबे सगळ्यात शेवटच्या तुकडीत होती. तिनं अर्जावर खरा पत्ता लिहिला होता, वाडीचा. वाडीला एसटी जात नाही, म्हणून एसटीच्या वेळेची जागा रिकामी. आणि रिकामी जागा म्हणजे घाई नाही, असं प्रोग्रॅमनं धरलं होतं.

"जिथं गाडीच जात न्हाई ती वाडी मशीनला भोरातली गल्ली वाटली," त्या म्हणाल्या. "आणि लिहिणारी मी. मी वाडीवरची."

तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला तेव्हा बायको उठली.

सभेला तासभर होता. ओळ बदलणं अवघड नव्हतं, पण रिकाम्या जागेत भरायचं काय? वाडीवरून रस्त्याला यायला किती वेळ लागतो, हे कुठंच नोंदलेलं नव्हतं. मग मी माझी अक्कल काढली. म्हणालो, "आज स्लाइडवर दुरुस्त केलेली ओळ लिहून चिकटवून टाका. समिती काय फाईल उघडून बघणार आहे? मंजुरी घ्या आणि मग निवांत दुरुस्त करा. पोरीचं शिक्षण महत्त्वाचं का ओळ?"

माझं म्हणणं अगदीच वाईट नव्हतं, असं मला अजूनही वाटतं.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "सर, तो फोटो दिवाळीच्या आधीचा असेल का नंतरचा?"

मी चपला घातल्या.

सभेत प्राचार्य, शेटे सर आणि आणखी दोघं-तिघं होते. घोंगडीचा तुकडा अंथरला, लॅपटॉप ठेवला. बटण दाबायला या वेळी मला बसवलं आणि मॅडम मागच्या भिंतीला जाऊन टेकल्या. सगळ्यांना माना वळवून बघावं लागलं. शेटे सर म्हणाले, "अहो मॅडम, पुढं या की. आम्ही काय विद्यार्थी आहोत का?"

"हितनं वाचता येतंय का बघते सर."

पहिल्या काही स्लाइड्स बऱ्या गेल्या. मुलं किती लांबून येतात, गाड्या कधी सुटतात. प्राचार्य मान हलवत होते. शेटे सरांनीही एकदा हलवली, किंवा त्यांना डुलकी आली. पुढची स्लाइड त्या चार ओळींची होती. माझं बोट बटणावर होतं. मंजुरी दिसत होती हो, अगदी समोर. मी बटण दोनदा दाबलं. चार ओळी चमकल्या आणि गेल्या.

मागून आवाज आला, "सर, एक मागं घ्या."

मी एक मागं घेतलं.

"ह्या ओळीत चूक आहे," मॅडम म्हणाल्या. "आज दुपारी सापडली. ज्या वाडीला एसटी नाही, तिथल्या पोरी शेवटच्या तुकडीत गेल्यात. मनीषा ढेबे त्यात आहे. प्रोग्रॅम आत्ता जसा आहे, तसाच तुमच्या समोर आहे."

मग शेटे सर खुर्चीत सरसावले.

"म्हणजे जिच्यासाठी हा एवढा खटाटोप, तीच शेवटी! मग माझे हजेरी क्रमांक काय वाईट होते? तेही तिला शेवटीच टाकत होते!"

दोघं हसले. मी लॅपटॉपच्या आड बसलो होतो, आणखी आड गेलो.

"बरोबर आहे सर," मॅडम म्हणाल्या. "फरक एवढाच. तुमच्या यादीत तिला कुणी शेवटी टाकलं, ते दाखवता येत न्हाई. हितं येतं. मी टाकलं. ह्या ओळीत."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. त्यांना कोड येत नाही, पण चार ओळी मोठ्या अक्षरांत होत्या. "दुरुस्त करायला काय लागेल?"

"वाडीवर जाऊन चालून बघावं लागेल. मग होईल."

"तोवर?"

मग शेटे सरच करवादले, "तोवर त्या वाडीवाल्या पोरींना हातानं सकाळी घाला की! त्याला काय मशीन लागतं?" बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. "पण सकाळी एवढ्या लवकर प्रयोगशाळा उघडणार कोण? मी उत्रोलीहून येतो. माझी भाताची कापणी चाललीय."

"किल्ली द्या सर, मी उघडते."

"किल्ली मी कुणाला देत नसतो," शेटे सर म्हणाले. मग पडद्याकडे बघतच म्हणाले, "येतो मीच. सांगा तिच्या बापाला."

पद्धतीला मंजुरी मिळाली, पण दुरुस्ती करून पुन्हा दाखवायच्या अटीवर. त्या रविवारी मॅडम मनीषाबरोबर वाडी चढून उतरून आल्या. मीही उत्साहानं गेलो होतो, बायकोला घेऊन. पहिल्याच चढाला मी एका दगडावर बसलो आणि निसर्ग बघतोय असं जाहीर केलं. बायको वरपर्यंत जाऊन ताक पिऊन आली. मॅडमनी वेळ धरली ती स्वतःच्या चालण्याची नव्हे, माझ्याही नव्हे. दप्तर घेतलेल्या, दिवसभर दमलेल्या पोरीच्या चालण्याची. चढताना मनीषाच्या पाठीवर मुद्दाम भरलेली पिशवी होती. पुढच्या सभेला त्याच चार ओळी पाच झाल्या होत्या. या वेळी मी बटण एकदाच दाबलं.

त्या वर्षाच्या शेवटी मॅडमनी आमचं कॉलेज सोडलं. त्यांची आई एकटी, मेंढरं तिला झेपेनात, आणि घराजवळच मार्गासनीच्या बाजूला एका शाळेत जागा निघाली होती. निरोप समारंभाला भाषण करा म्हटलं, तर मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना बरं वाटेल असं दोन वाक्यांत उरकलं. पण जायच्या आधी मनीषाच्या वाडीवर एकदा मुक्काम करायचा, असं तिच्या वडिलांचं बोलावणं होतं. तेव्हा मी आणि बायको त्यांना गाडीनं हिर्डोशीपर्यंत सोडायला गेलो.

उन्हाळ्याचे दिवस. धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि काठाची माती उघडी पडली होती. मनीषाचे वडील रस्त्यावरच्या झाडाखाली वाट बघत उभे होते, या वेळी बॅटरी न घेता.

"आवो सर, तुमी बी चला की वर. कोंबडं कापलंय."

"नको, माझे गुडघे..." मी म्हणालो.

"त्येंचं गुडघं लई शिकल्यालं हायती मामा," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

"पोरगी कधी येते आता घरी?" बायकोनं विचारलं.

"आता व्हय? दिस कासराभर वर असतो. येती, दप्तर टाकती आन् शेरडं वळवाया जाती. मला तर आता वाटंवर बसायचं कामच ऱ्हायलं न्हाई. करमत न्हाई बघा."

वर डोंगराच्या धारेवर कुणीतरी शेळ्यांना हाळी देत होतं. आवाज मनीषाचा होता. मॅडमनी पिशवी खांद्याला लावली, बायकोचा हात जरा वेळ धरला, मला नमस्कार केला आणि चालू लागल्या. म्हातारा मागं पडला. पहिल्या वळणावर त्या थांबल्या. मला वाटलं, मागं वळून हात करतील, म्हणून मी हात वर करून तयार राहिलो. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, वरच्या चढाकडे बघितलं आणि निघून गेल्या. करवंदीच्या जाळीआड पदराचं एक टोक दिसलं, मग तेही दिसेना.

परतताना भोर जवळ आल्यावर मी म्हणालो, "मोठी बाई. भर सभेत स्वतःची चूक दाखवायला केवढी हिंमत लागते!"

बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिच्यासमोर अख्खी समिती होती, तरी 'चुकले' म्हणाली. तुमच्यासमोर मी एकटीच असते."